वीज जळते म्हणून भाव चढतो का?



बिटकॉइनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘अहो, ते तयार करायलाच एवढी वीज जळते, मग त्याला किंमत असणारच ना!’ वाक्य पटकन पटतं, पण ते उलटं आहे. भाव असतो, म्हणून लोक वीज जाळायला पुढे येतात.

आधी ही वीज जाते कुठे, ते पाहू. बिटकॉइन म्हणजे मुळात व्यवहारांची एक खतावणी. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात, पण तिला बँक नाही की मालक नाही. सातोशी नाकामोतो असं नाव लावून कुणीतरी ऑक्टोबर 2008 मध्ये या योजनेचं टिपण प्रसिद्ध केलं आणि 3 जानेवारी 2009 ही तिच्या पहिल्या ब्लॉकची, म्हणजे पहिल्या पानाची तारीख. हा माणूस कोण, एकटा की चौघे, हे आजही उघड झालेलं नाही. असो. प्रश्न असा, की मालकच नसेल तर नवं पान लिहायचा अधिकार कुणाचा? उत्तर : जो मेहनतीचा पुरावा दाखवेल त्याचा.

आता मेहनत कसली? नव्या व्यवहारांचा गठ्ठा घ्यायचा, त्याला मनाला येईल तो एक आकडा जोडायचा आणि सगळं मिळून एका ठरलेल्या गणिती सूत्रातून काढायचं. त्यातून अंक आणि अक्षरं मिळून 64 घरांची एक ओळ बाहेर पडते. अट एवढीच, की या ओळीच्या सुरुवातीला पुरेशी शून्यं आली पाहिजेत. नाही आली? आकडा बदला, पुन्हा काढा. पुन्हा नाही आली? पुन्हा बदला. इथे हुशारी कामाची नाही, नुसता रेटा हवा. पहिल्या ब्लॉकच्या ओळीत सुरुवातीला दहा शून्यं होती आणि त्यासाठी जोडलेला आकडा 208 कोटींच्या घरातला होता. हल्ली एकोणीस-वीस शून्यं लागतात, आणि एकेका शून्यामागे मेहनत सोळापट वाढते. म्हणून तर या एकाच कामासाठी बनवलेल्या यंत्रांनी गोदामंच्या गोदामं भरलेली असतात. सापडलेलं उत्तर तपासायला मात्र साध्या संगणकाला क्षणभरही लागत नाही. प्रत्येक नव्या पानात आधीच्या पानाची ओळही गुंफलेली असते, म्हणून जुन्या पानावर खाडाखोड करायची, तर त्या पानाची आणि नंतरच्या प्रत्येक पानाची मेहनत नव्यानं करावी लागते. सगळी सुरक्षितता आहे ती इथे.

ज्याला उत्तर सापडलं त्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला दर ब्लॉकला 50 मिळत. दर 2,10,000 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, बक्षीस निम्मं होतं. एप्रिल 2024 पासून ते 3.125 आहे. एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाणार नाहीत.

आणि आता खरी मेख. दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. यंत्रं वाढली तर कोडं अवघड होतं, घटली तर सोपं. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनीच निघाला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. लासलगावला कांद्याचा भाव कडाडला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, माल येतो आणि भाव खाली बसतो. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही. भाव चढला की यंत्रं वाढतात, वीज वाढते. नाणी मात्र तेवढीच निघतात. पुरवठा हलतच नाही, म्हणून मागणीचा प्रत्येक धक्का थेट भावाला बसतो.

2021 मध्ये याचा दाखला मिळाला. मे-जूनमध्ये चीननं मायनिंगवर, म्हणजे ही कोडी सोडवण्याच्या धंद्यावर, बडगा उगारला आणि जगातली जवळपास निम्मी यंत्रशक्ती बंद पडली. ब्लॉक रेंगाळू लागले. 3 जुलैला काठिण्यपातळी एका झटक्यात सुमारे 28 टक्के उतरली आणि गाडी रुळावर आली. त्या बातम्यांनी भाव घाबरला होता, हे खरं. पण नोव्हेंबरात तो 69,000 डॉलरच्या आसपास पोहोचला. पुढच्या वर्षी नेमकं उलटं झालं. 2022 च्या शरदात काठिण्यपातळी तोवरच्या उच्चांकावर होती, म्हणजे मेहनत कधी नव्हे एवढी होत होती, आणि भाव मात्र 16,000 डॉलरच्या खाली घसरला.

मग भाव हलतो कशानं? त्या वर्षी अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवत होती, त्यामुळे जोखमीच्या जागेतला पैसा बाहेर निघत होता. मे महिन्यात टेरा-लुना हे चलन कोसळलं, 11 नोव्हेंबरला एफटीएक्स या बाजारमंचानं दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या ईटीएफना, म्हणजे शेअरबाजारात विकत घेता येणाऱ्या फंडांना, मान्यता दिली, तेव्हा मोठ्या पैशाला सरळ वाट मिळाली, आणि डिसेंबरात भावानं एक लाख डॉलर ओलांडले. शिवाय उसनवारीवर मोठे सौदे होतात. भाव थोडा पडला की ते सक्तीनं मोडले जातात आणि घसरण आणखी वेग घेते. दर चार वर्षांनी बक्षीस निम्मं झालं की भाव चढतोच, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतील. पण ती तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते, आणि चार घटनांवरून नियम बांधणं मला तरी धाडसाचं वाटतं.

मायनिंगच्या नावावर पुण्यातही एक मोठं प्रकरण घडलं. दरमहा 10 टक्के, तेही दीड वर्ष, असा परतावा देऊ केल्याचा आरोप होता. 2018 मध्ये पोलिसांनी अटक केली. दर दोन आठवड्यांनी कोडं बदलणार, भाव रोज बदलणार. अशा धंद्यात ठरलेली टक्केवारी द्यायची कुठून?

सरळ व्यवहारात नफा झाला, तरी कर लक्षात ठेवावा लागतो. आपल्याकडे एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. आणि एका मर्यादेपुढच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो तो विक्रीच्या रकमेवर, म्हणजे तोट्यात विकलंत तरीही.