पाळण्यापासून फेडरल रिझर्व्हपर्यंत



जॅनेट येलन यांच्याविषयी बोलताना मी त्यांच्या घरातल्या पाळण्यापासून सुरुवात करतो. १९८१मध्ये त्यांना मुलगा झाला. त्या आणि त्यांचे पती जॉर्ज अ‍ॅकरलॉफ, दोघेही बर्कली विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. बाळ सांभाळायला बाई ठेवायची, तर चालू दरापेक्षा जास्त पगार द्यायचा, असे दोघांनी ठरवले. आपल्याला रास्त मोबदला मिळतो असे जिला वाटते, ती बाळाकडे अधिक मायेने बघेल, हा त्यामागचा विचार. पण कामासाठी माणसे दारात उभी असताना मालक जास्त पैसे का मोजतो? या प्रश्नाचा दोघांनी पिच्छा पुरवला. १९९०च्या त्यांच्या शोधनिबंधाचे सार असे: पगारात अन्याय वाटला की कामगार हात आखडतो, म्हणून मालक पगार पाडत नाहीत आणि बेकारी टिकून राहते.

बेकारीच्या झळांविषयी येलन यांनी लहानपणापासून ऐकले होते. वडील डॉक्टर. ब्रुकलिनमधल्या घरातच त्यांचा दवाखाना, आणि रुग्ण गोदीतले, कारखान्यांतले. काम सुटलेल्या माणसाच्या घराचे काय होते, याच्या कहाण्या त्या घरात बोलल्या जात. पुढे येल विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांचे मार्गदर्शन लाभले. १९७१मध्ये तिथे अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या.

आता जुलै १९९६. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या बैठकीत अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांचा कल महागाई शून्यावर नेण्याकडे. मंडळाच्या सदस्य येलन यांनी मुद्दा मांडला, की हातात येणारा पगार कमी झालेला माणसाला सोसत नाही. थोडी महागाई असेल, तर पगार न कापताही उद्योगांना जुळवून घेता येते. ती शून्यावर आणली, तर नोकऱ्या जातात. म्हणून त्यांनी दोन टक्क्यांचा आग्रह धरला. ग्रीनस्पॅन यांच्यासमोर असे ठामपणे बोलायला धैर्य लागते. जानेवारी २०१२मध्ये फेडने दोन टक्के हेच उद्दिष्ट जाहीर केले. तेव्हा त्या उपाध्यक्ष होत्या.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०१४मध्ये त्या फेडच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, २०२१मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला अर्थमंत्री. मला अधिक मोलाची वाटते ती २०२२ची गोष्ट. महागाई भडकली, तेव्हा आपला अंदाज चुकला, हे त्यांनी दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगितले. पदावर असताना असे सांगणारे किती निघतात?

१९९६च्या त्या बैठकीतले शब्दन्‌शब्द आज सर्वांसाठी खुले आहेत. इथे बसलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींना माझी विनंती आहे, ते इतिवृत्त मुळातून वाचा.