वस्तुजालाचे शिक्षण : आधी तालीम, मग प्रयोग



गिरगावातील जुन्या चाळींचा आणि इमारतींचा दिनक्रम पाण्याच्या वेळेशी बांधलेला असतो. महानगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, तळाच्या टाकीत साठते आणि पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. पंप वेळेवर बंद झाला नाही, तर टाकी भरून वाहते. वेळेवर सुरू झाला नाही, तर वरच्या मजल्यावरील नळ कोरडे पडतात. पाण्याची पातळी आपणहून मोजणारे, ती इंटरनेटवरून कळविणारे आणि पंपाला आज्ञा देणारे साधन बसविले, की हीच टाकी ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणजे वस्तुजालाचा एक घटक बनते. हे नाव केव्हिन अ‍ॅश्टन यांनी १९९९ मध्ये प्रचारात आणले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येही ग्रामीण नळयोजनांवर संवेदक बसवून पाण्याची मोजदाद करण्याचे प्रयोग झाले. तेव्हा हा विषय शहरी चाळीइतकाच ग्रामपंचायतीच्याही जिव्हाळ्याचा आहे.

हा विषय विद्यार्थ्यांना शिकवावयाचा कसा, हा खरा प्रश्न आहे. गिरगावच्या शाळेला लॅमिंग्टन रोडचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. तेथे संवेदक, तारा आणि छोटे नियंत्रक सहज मिळतात. दूरच्या तालुक्यातील शाळेला ही सोय नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारावयास आरंभ केला व त्यासाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. तथापि प्रयोगशाळा असली, तरी चाळीस मुलांच्या वर्गात एका संचाभोवती चार मुले काम करतात आणि उरलेली पाहत राहतात. एक तार चुकीची जोडली, तर संचही निकामी होऊ शकतो. मग शिक्षकाचा कल साहजिकच मुलांनी हात न लावण्याकडे होतो.

ही अडचण सिम्युलेशन, म्हणजे यंत्राचे संगणकावरील प्रतिरूप, बऱ्याच अंशी दूर करते. ‘टिंकरकॅड’मध्ये विद्युत्‌मंडल जोडता येते, रोधक न लावता दिवा थेट विद्युत्‌घटाला जोडला, तर तो जळाल्याची खूण पडद्यावर उमटते. ‘वोक्वी’मध्ये ईएसपी३२ हा नियंत्रक वाय-फायसह चालविता येतो. ‘सिस्को पॅकेट ट्रेसर’मध्ये संवेदकांचे आणि उपकरणांचे संपूर्ण जाळे मांडता येते. याच महानगरातील पवई येथील आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ ही विद्युत्‌मंडलांच्या अभ्यासाची मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे.

पाण्याच्या टाकीचेच उदाहरण घेऊ. टाकीच्या झाकणाखाली श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक आहे. त्याचा ध्वनी पाण्यावर आदळून परत येतो. जाऊन-येऊन प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनीस ५८०० मायक्रोसेकंद लागले, तर पाणी १०० सेंटिमीटर खाली आहे. टाकी १५० सेंटिमीटर खोल असेल, तर पाणी ५० सेंटिमीटर उरले. विद्यार्थी पडद्यावर अंतर बदलतो, गणित ताडून पाहतो आणि पंप केव्हा सुरू व्हावा याचा नियम स्वतः लिहितो. गणित, विज्ञान आणि संगणक हे तीन विषय येथे एकत्र येतात.

परंतु पंप चालू झाला, म्हणजे पाठ संपला असे समजू नये. प्रतिरूपाचे खरे सामर्थ्य बिघाड मुद्दाम घडवून पाहण्यात आहे. पंप चालू असताना वाय-फाय तुटले तर? संवेदकाने एकाएकी शून्य अंतर दाखविले तर? वीज जाऊन परत आली तर? अशा वेळी पंप बंद राहावा की चालू, आणि ते कोणी ठरवावे? खऱ्या टाकीवर असे बिघाड घडवून पाहिले, तर पाणी वाया जाईल आणि रहिवाशांचा रोष ओढवेल. पडद्यावर ते दहा वेळा करता येतात. सुरक्षिततेचा धडाही येथेच द्यावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी प्रणालीने मूळचा परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले व त्यांच्या द्वारे मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. गावाच्या पाण्याचा पंप अशा रीतीने परक्याच्या हाती जाणे कोणासही परवडणारे नाही.

प्रतिरूपाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. टाकीतील बाष्प संवेदकावर जमते, खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, जाड भिंतीमागे वाय-फाय पोहोचत नाही; पडद्यावर यांपैकी काहीच घडत नाही. पाच व्होल्टचा संवेदक ३.३ व्होल्टच्या नियंत्रकाला थेट जोडण्याची चूक पडद्यावर खपून जाते, प्रत्यक्षात मात्र नियंत्रकाला इजा होऊ शकते. म्हणून केवळ पडद्यावर शिकलेला विद्यार्थी अर्धाच शिकलेला असतो.

गिरगाव हे मराठी रंगभूमीचे जुने माहेरघर. तालमीत चुका करावयाच्या आणि त्या सुधारूनच प्रेक्षकांसमोर उभे राहावयाचे, ही तेथील शिस्त. तालीम कितीही रंगली, तरी तिला कोणी प्रयोग म्हणत नाही. आणि तालमीवाचून प्रयोग लावण्याचे धाडसही कोणी करीत नाही. वस्तुजालाच्या शिक्षणाला हाच न्याय लावावा. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम प्रतिरूपावर काम करावे, किमान तीन बिघाड घडवून त्यांची नोंद वहीत ठेवावी आणि नंतर प्रत्येक गटाने एक खरा संच जोडून शाळेच्याच टाकीवर काही दिवस चालवावा. पडद्यावरील आणि टाकीवरील आकड्यांत जो फरक पडेल, त्याचे कारण शोधणे हाच त्या विषयाचा सर्वांत मोलाचा पाठ ठरेल.

शिक्षणाधिकाऱ्यांनी संगणकखरेदीबरोबर अशा थोड्या खऱ्या संचांचीही तरतूद करावी. पंचायत सदस्यांनी गावाची टाकी पाहण्या-मोजण्यास विद्यार्थ्यांना खुली करावी. उद्या गावाच्या टाकीवर असे साधन बसेल, तेव्हा ते काय सांगते आणि केव्हा चुकते, हे जाणणारी मुले गावातच असली पाहिजेत.