गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजून आयुष्य कळतं का?

परभणीतून बोलतोय. मी बीटेक केलेला, कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण मामांचा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला आणि "तू इंजिनियर आहेस ना, वाच" म्हणून माझ्या गळ्यात पडला. खाली कुणीतरी गुगल करून टाकलं होतं: गाठीत रक्तवाहिन्या जास्त, म्हणजे दिवस कमी. तेवढ्यावर मामींनी जेवण सोडलं.

गाठीला वाढायला रक्त लागतं, हे खरंय. १९७१ मध्ये अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी मांडलं, की नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या फार पुढे जात नाही. ऑक्सिजन कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात आणि शेजारच्या वाहिन्यांना नव्या फांद्या फुटतात. जायकवाडीच्या कालव्यात रात्री गुपचूप पाइप टाकतात ना, तसंच.

मग पॅथॉलॉजिस्टांनी मायक्रोस्कोपखाली या वाहिन्या मोजायला घेतल्या. काही अभ्यासांत जास्त वाहिन्या असलेले रुग्ण कमी जगलेले दिसले. पण बरेच जण जिथं वाहिन्या सगळ्यात दाट, तिथंच मोजत होते. आणि 'जास्त' म्हणजे किती, याची रेष ज्याची त्याची वेगळी. असा कोड मी रिव्ह्यूत पास केला नसता! २००७ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त हजारो रुग्णांचा मूळ डेटा एकत्र करून तपासला गेला. ऑपरेशन झालेल्या, कॅन्सर लांब न पसरलेल्या नॉन-स्मॉल सेल रुग्णांत या मोजणीवरून पुढचा अंदाज बांधता आला नाही.

व्हीईजीएफला अडवणारं औषध मात्र आहे, बेव्हॅसिझुमॅब. २००६ च्या अमेरिकन चाचणीत पसरलेल्या कॅन्सरवर केमोसोबत ते दिल्यावर मध्यक आयुष्य १०.३ वरून १२.३ महिने झालं. मध्यक म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, ती काही मुदत नव्हे. स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण फुफ्फुसातून जोरात रक्तस्राव होण्याची भीती.

म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते हे: स्टेज कोणती, प्रकार कोणता, ईजीएफआर-एएलके तपासलं का. खोकल्यातून रक्त पडत असेल तर ते आपणहून सांगा. आणि देवगिरीनं मुंबईला टाटाला निघालात, तर बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, हातातल्या पिशवीत ठेवा. नुसता रिपोर्टचा फोटो तिथं पुरत नाही.