नाकाची शस्त्रक्रिया झाली; पुढे काय?

(देणगीदार, विश्वस्त व रुग्ण-कुटुंबीय यांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात प्रशासकाने जमाखर्च मांडावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. ताळेबंद आपणा सर्वांच्या हाती आहेच. म्हणून आज थोड्या वेगळ्या विषयावर बोलण्याची अनुमती घेतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. जे सांगणार आहे ते आमच्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. तरीही हा विषय मी निवडला, कारण तो माझ्या कार्यालयाच्या दारात वरचेवर येतो.

सायनसची किंवा नाकाच्या वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभराने घरच्या माणसांसह चौकशी खिडकीशी उभा राहतो. नाक पुन्हा चोंदलेले असते, घशात स्राव उतरत असतो, कपाळ जड असते, वास येत नसतो. प्रश्न एकच असतो : "साहेब, एवढा खर्च केला, ऑपरेशन फुकट गेले का?" या प्रश्नात रागापेक्षा भीती अधिक असते. कुणी उसनवारी केलेली असते, कुणाचे कामाचे दिवस बुडालेले असतात. अशा माणसाला "होईल हळूहळू" एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. त्याला कारण समजले पाहिजे.

आपल्या चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत नाकाभोवती हवेच्या पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात : गालात, भुवयांच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर. यांनाच आपण सायनस म्हणतो. त्यांच्या आतील ओलसर अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म लव असते. ती सतत हलत राहून स्राव पोकळीच्या नैसर्गिक तोंडाकडे ढकलत नेते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीच्या साह्याने दाखवून दिले की, ही वाहतूक ठरावीक वाटांनीच चालते. गालातील सायनसचे तोंड उंचावर असते, म्हणून तेथील स्राव चक्क वर चढत जातो. खालच्या बाजूस नवे भोक पाडले तरी तो आपली जुनी वाट सोडत नाही. या ज्ञानावरच आजची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया उभी आहे. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये तिला जे नाव दिले, त्यात 'कार्य' या अर्थाचा शब्द मुद्दाम आहे. नैसर्गिक तोंड मोकळे करावे, अस्तर शक्य तितके राखावे आणि नाकाचे काम नाकालाच पुन्हा करू द्यावे, हा तिचा हेतू होय.

म्हणजे शस्त्रक्रिया वाट मोकळी करते. अस्तराला सूज आणणारी मूळ प्रवृत्ती, मग ती ॲलर्जी असो, दमा असो वा वारंवार कोंब वाढण्याचा स्वभाव असो, शस्त्राने कापून काढता येत नाही. १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या सायनसच्या दाहाला डॉक्टर दीर्घकालीन आजार म्हणतात आणि मधुमेहासारखाच तो सांभाळावा लागतो. माझ्या भाषेत सांगायचे तर शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च आहे. इमारत बांधली आणि देखभालीची तरतूद केली नाही, तर चार पावसाळ्यांत काय होते, हे येथील प्रत्येक विश्वस्त जाणतो.

आता रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी थोडे तपशिलाने सांगतो. पहिले एक-दोन आठवडे नाक चोंदणे, रक्तमिश्रित स्राव येणे व आत खपल्या धरणे हे अपेक्षितच असते. नाकाच्या आत ती जखमच आहे. फक्त ती आपल्याला दिसत नाही. अस्तर भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात आणि लव पूर्ववत काम करू लागण्यास काहींना ३ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून महिन्याभरात शस्त्रक्रियेचा निकाल लावू नये. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीने आपल्या राज्यातील अनेक घरांवर आघात केला. त्या आठवणीने आजही नाकातून काळपट खपली निघाली की कुटुंब हादरते. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा खपल्या बहुधा वाळलेल्या रक्ताच्या असतात. तरीही शंका मनात न ठेवता दाखवून घ्यावे; मधुमेही रुग्णाने तर विलंब करूच नये.

या काळात तीन गोष्टींना पर्याय नाही. पहिली गोष्ट नाक धुण्याची. जलनेती आपल्याला नवी नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या, १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेतून ती शिकलेले अनेक जण येथे असतील. परंतु शस्त्रक्रियेनंतर ती कधी सुरू करावयाची व किती पाण्याने, हे डॉक्टरांनीच ठरवावे. प्रमाण १ लिटर पाण्यास ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरला चहाचा साधारण पाऊण सपाट चमचा. पाणी मात्र खळखळून उकळून, झाकून कोमट केलेले असावे. नळाचे, विहिरीचे वा केवळ गाळलेले पाणी नाकासाठी वापरू नये. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा एका अमीबामुळे मेंदूला दाह होऊन मृत्यू झाला. केरळातही २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. हा अमीबा पोटात गेल्याने नव्हे, तर नाकातून वर गेल्याने घातक ठरतो. म्हणून भय न बाळगता पाणी उकळावे व धुण्याची बाटलीही स्वच्छ ठेवावी, एवढेच सांगणे.

दुसरी गोष्ट स्प्रेची. दाह कमी करणारा स्टिरॉइडचा स्प्रे आणि नाक झटपट मोकळे करणारे थेंब या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. पहिल्याचा गुण नियमित वापराने, दिवसा-आठवड्यांनी येतो. दुसऱ्याचा गुण दोन मिनिटांत येतो आणि तोच घात करतो. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब सलग आठवडाभराहून अधिक घातल्यास नाक उलट अधिक चोंदू लागते आणि माणूस त्या बाटलीचा बांधील होतो. दुकानातून स्वतःहून घेतलेली ही लहान बाटली शस्त्रक्रियेचे श्रेय खाऊन टाकू शकते. 'स्टिरॉइड' या शब्दाला घाबरून चांगला स्प्रे मध्येच सोडणारेही पुष्कळ असतात; त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. स्प्रे मारताना मान किंचित पुढे झुकवावी, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता त्या बाजूच्या कानाच्या दिशेने धरावे आणि जोराने हुंगू नये.

तिसरी गोष्ट फेरतपासणीची. डॉक्टर दुर्बिणीतून खपल्या व साचलेला स्राव काढतात, आतले दोन भाग एकमेकांना चिकटत असतील तर ते वेळीच सोडवतात. या भेटी म्हणजे शस्त्रक्रियेचाच पुढचा भाग आहेत. पहिले एक-दोन आठवडे जोराने नाक शिंकरणे, ओझे उचलणे टाळावे. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी. विडी-सिगारेट, चुलीचा व उदबत्तीचा धूर यांपासून रुग्णाला दूर ठेवावे.

एवढे करूनही ३ महिन्यांनंतर त्रास उरला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करण्यापूर्वी त्रास नेमका कशाचा, याचा शोध घ्यावा लागतो. कोंब पुन्हा वाढले का, जंतुसंसर्ग राहिला का, वरच्या दाढेच्या मुळातील संसर्ग गालाच्या सायनसमध्ये उतरला का, हे पाहिले जाते. दमा, नाकातील कोंब आणि ॲस्पिरिनची वावडी या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर आजार उलटण्याचा संभव अधिक असतो. म्हणून वेदनाशामक गोळीने दम लागला असेल, तर ते आवर्जून सांगावे. कपाळ व गाल दुखणे हे तर सायनसचेच असते असेही नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या २९९१ व्यक्तींची तपासणी झाली. त्यांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. अशा दुखण्यावर नाकाची कितीही शस्त्रक्रिया केली तरी गुण कसा यावा?

काही लक्षणांसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. न थांबणारा रक्तस्राव, दृष्टी अंधूक होणे किंवा एकाची दोन दिसणे, डोळ्याभोवती सूज, जोराचा ताप, मान ताठ होऊन तीव्र डोकेदुखी, किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा, चवीला खारट स्राव ठिबकणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असो वा दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे.

मनाविषयीही दोन शब्द बोलावेसे वाटतात. वास गेलेल्या माणसाचे दुःख घरच्यांना दिसत नाही. त्याला अन्नाची गोडी राहत नाही. गृहिणीला फोडणी करपल्याचे कळत नाही, गॅस गळत असेल तर तेही कळत नाही. अशा वेळी "हे तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे कुणीही म्हणू नये. घरात गॅसची गळती सांगणारे यंत्र बसवावे, शिळे-ताजे दुसऱ्याने पाहावे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगण्याचा अभ्यासक्रम मांडला. सायनसच्या काही रुग्णांनाही डॉक्टर तो सुचवतात. त्यास खर्च जवळजवळ नाही; घरच्यांनी रोज आठवण करून देणे एवढेच लागते.

आता देणगीदार व विश्वस्तांना एक विनंती. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवतात. ही योजना अनेकांचा आधार आहे. परंतु तिची मोजणी खाटांत आहे. सायनसचा रुग्ण खाटेवर एक-दोन दिवसच असतो. आजाराशी त्याचा व्यवहार पुढे महिनोन् महिने चालतो. गावाहून येण्याचे एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज, स्प्रेची दर महिन्याची बाटली यांचा भार त्याच्यावरच पडतो आणि तेथे तो थांबतो. जो परत येत नाही तो बरा झाला, असे आपली नोंदवही समजते. वस्तुस्थिती कित्येकदा उलट असते.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, यापुढे एका शस्त्रक्रियेसाठी देणगी स्वीकारताना पहिल्या एका वर्षाच्या फेरतपासण्या, नाक धुण्याची बाटली, स्प्रे आणि गरजूंचे प्रवासभाडे यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात धरावी. तारखेला न आलेल्या रुग्णास दूरध्वनी करण्याचे काम समाजसेवा विभागाकडे सोपवावे. यामुळे कदाचित आपल्या अहवालात शस्त्रक्रियांचा आकडा थोडा कमी दिसेल. नाक धुण्याच्या बाटलीवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. तरीही हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, दिलेल्या रुपयाचे पुरे मोल याच खर्चातून पदरात पडते.

रुग्ण-कुटुंबीयांना एवढेच सांगणे की, त्रास उरला म्हणून संकोच करू नका आणि रागावून उपचारही सोडू नका. आपला केसपेपर आमच्याकडे जपून ठेवलेला आहे. तो पुढे लिहिला जावा, हीच आमची इच्छा आहे.