हेराल्डचे स्टिअरिंग

मोटार हाकणाऱ्याच्या हातातील चक्र आणि रस्त्यावर धावणारी चाके यांचा संबंध किती लहान वस्तूंवर टिकून असतो, याची कल्पना पुष्कळांना नसते. पोलादाची एक छोटी गोळी, ती जीत फिरते ती खोबण आणि धूळ आत जाऊ नये म्हणून वर रबराची टोपी, एवढाच तो सांधा. कारागीर त्याला टाय रॉड एंड म्हणतात. खोबण झिजली की चक्र बोटभर फिरवले तरी चाक जागचे हलत नाही. चालक नकळत त्या ढिलाईला सरावतो. खरा धोका या सरावण्यातच आहे.

हे दुखणे घरच्या अंगणात बरे करण्याजोगी एक गाडी चेन्नईने, म्हणजे पूर्वीच्या मद्रासने, देशाला दिली. शहराच्या दक्षिणेस वंडलूरजवळ स्टँडर्ड मोटर्सचा कारखाना होता. तेथे १९६१ पासून सुमारे दहा वर्षे स्टँडर्ड हेराल्ड तयार होत असे. तिचा मूळ आराखडा मिकेलोत्ती या इटालियन शिल्पकाराचा. तिचे समोरचे झाकण पंखांसकट पुढे कलंडते आणि स्टिअरिंगचे सारे अवयव उघड्यावर येतात. अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत हा गुण केवढा मोलाचा असेल! हौशी मंडळींनी या गाड्या आजही जपल्या आहेत.

झीज ओळखणे अवघड नाही. पुढचे चाक जमिनीपासून उचलावे, दोन्ही बाजूंनी आडवे धरावे आणि हलवून पाहावे. खटखट जाणवली तर संशय टाय रॉडच्या सांध्याचा. वर-खाली धरून हलविल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट, खालचा ट्रनियन किंवा चाकाचे बेअरिंग. अशा वेळी दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. समुद्राकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी हवी. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नये. मागच्या चाकांना उटी लावून गाडी भक्कम ठोकळ्यांवर टेकवावी.

सांधा काढताना हात उतावळा होतो. गोळीची दांडी निमुळती असून भोकात घट्ट रुतलेली असते. तिच्या टोकावर घाव घातला की आटे चेपतात आणि काम वाढते. नट थोडा सैल करून तसाच ठेवावा आणि भोकाच्या कडेवर दोन हातोड्यांनी समोरासमोरून एकदम ठोकावे, म्हणजे दांडी सुटते. त्यानंतर जुना सांधा किती फेऱ्यांत निघाला ते मोजून कागदावर टिपावे आणि नवा तितक्याच फेऱ्या बसवावा. अखेर लॉकनट आवळावा. फेरे मोजले तरी चाकांची दिशा बरोबर येईलच असे नाही. गाडी सावकाश अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेता यावी, एवढाच त्याचा उपयोग.

नव्या सांध्यासाठी शहर बदलण्याचे कारण नाही. मराठी कानाला घरचा वाटावा असा राणे (मद्रास) हा उद्योग १९२९ साली येथेच सुरू झाला. आरंभी मोटारींचा व्यापार, मग १९६० च्या दशकात स्टिअरिंगच्या भागांचे उत्पादन, आणि २००७ साली जपानचा डेमिंग पुरस्कार, अशी त्याची वाटचाल आहे. पुदुपेटमध्ये मोडीतल्या गाड्यांचे भाग मिळतात. तेथून आरसा घ्यावा, दरवाजाही घ्यावा. पण वापरलेला सांधा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

हेराल्डची सर्वांत नाजूक जागा ट्रनियन. चाकाला धरणारी उभी पोलादी दांडी आट्यांनी त्यात फिरते. तेथे ग्रीस नव्हे, गिअरचे घट्ट तेल भरावे, असे बनविणाऱ्यांनीच सांगितले होते. ग्रीस पुष्कळांना अधिक टिकाऊ वाटते, आणि तेथेच फसगत होते. ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. पाणी मात्र पोचते, गंज धरतो. एके दिवशी दांडी आट्याशी मोडते आणि चाक गाडीखाली दुमडते. गाडी वेगात असेल तर पुढे काय होईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. सखल रस्त्यांवर चाके अर्धी बुडतात. म्हणून तेथील जाणते मालक हे तेल सप्टेंबरातच भरून घेतात, आणि सांध्यातून जुने काळे तेल बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत पिचकारी थांबवीत नाहीत.