राखेच्या टेकडीचे वय



समुद्रकाठच्या आदिमानवाने शिंपल्यांचे ढीग मागे ठेवले. दख्खनच्या पशुपालकांनी राखेच्या टेकड्या ठेवल्या. चिक्कडपल्लीपासून थोड्या तासांच्या अंतरावर, जुन्या महबूबनगर जिल्ह्यातील उतनूर येथे (आदिलाबादकडील उतनूर वेगळे) अशी एक टेकडी आहे. लोककथा अशा टेकड्यांत राक्षसांची रक्षा पाहते. १९५७ मध्ये ऑल्चिन यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा खांबांचे खळगे, गुरांच्या खुरांचे ठसे आणि जळक्या शेणाचे थर निघाले. तो नवाश्मयुगीन गोठा होता. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाचा.

परंतु उंची म्हणजे वय नव्हे. शेण महिनोन्महिने साचते, आगीत क्षणात आकसते. म्हणून तळाचे व माथ्याचे कार्बन-१४ वय स्वतंत्रपणे काढावे लागते. त्यांतील अंतर हाच साचण्याचा काळ. नमुना जुन्या लाकडाचा असल्यास वय फसवे निघते; एका हंगामाचे धान्य अधिक विश्वसनीय. शिंपल्यांत तर सागरातील जुना कार्बन वय शेकडो वर्षांनी वाढवितो.

टेकडी काही पिढ्यांची की अनेक शतकांची, यावरच ते लोक स्थिरावले होते की फिरते होते, हे ठरते. कर्नाटकातील बुदिहाळ येथे डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या यांना राखेलगत वस्तीही आढळली. ढिगाची भव्यता पाहून काळ ठरवू नये, थर वाचावेत.