अभ्यासाच्या रीतीची पारख



परीक्षेचा निकाल हाती येतो तेव्हा पुष्कळ घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "एवढा अभ्यास केला, मग गुण गेले कुठे?" त्या घरातील मुलाने खरोखरच कष्ट केलेले असतात. पहाटे उठून, धडा चार-चार वेळा वाचून, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत रेघा ओढून तो परीक्षेस बसलेला असतो. प्रश्नपत्रिका समोर येताच मात्र वाचलेले आठवत नाही. कष्ट आणि फळ यांचा मेळ असा वारंवार बसेनासा झाला, की 'आपल्याला डोकेच नाही' ही समजूत मुलाच्या मनात घर करते. या एका समजुतीपायी एखादा विद्यार्थी विषय सोडतो, एखादा शिक्षणच सोडतो. उणीव पुष्कळदा बुद्धीत नसून अभ्यासाच्या रीतीत असते. ती रीत वेळीच सापडली, तर हातचे शिक्षण सुटत नाही.

ही रीत शोधण्याचा एक सोपा मार्ग गेल्या काही दशकांत लोकप्रिय झाला. न्यूझीलंडमधील अध्यापक नील फ्लेमिंग यांनी कॉलिन मिल्स यांच्यासह १९९२ मध्ये 'वार्क' ही चौकट मांडली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष कृतीतून, अशा चार प्रकारांपैकी विद्यार्थ्याची आवड कोणती, हे ती प्रश्नावलीच्या साहाय्याने शोधते. अशा मांडण्यांवरून पुढे असा समज दृढ झाला, की प्रत्येक मूल यांपैकी एका प्रकारचे असते आणि त्याच प्रकाराने शिकविल्यास त्याला अधिक येते. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या समजाला पुरेसा आधार आढळला नाही. मुलांच्या आवडी भिन्न असतात हे त्यांनी नाकारले नाही. आवडीप्रमाणे शिकविल्याने अधिक शिकता येते, हे मात्र सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पालकांनी या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये. 'आमचा मुलगा ऐकूनच शिकतो' असा शिक्का एकदा बसला, की वाचनाचा सराव मागे पडतो. कधी कधी त्या मुलाला फळ्यावरील अक्षर दिसतच नसते आणि त्याला गरज असते ती चष्म्याची. एखाद्या मुलाला अक्षरांची ओळखच सातत्याने अवघड जाते. त्याला तज्ज्ञांच्या तपासणीची आवश्यकता असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. घाईने मारलेल्या शिक्क्याखाली खरे कारण झाकले जाते आणि मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

मग आपली रीत सापडते तरी कशी? याचे उत्तर लंडनमधील एका बुकबाइंडरच्या चरित्रात मिळते. मायकेल फॅरेडे यांचा जन्म १७९१ मध्ये एका लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. १८०५ मध्ये ते पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचू लागले. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्यांना वेड लावले. परंतु केवळ वाचून त्यांचे समाधान होत नसे. पदरच्या तुटपुंज्या पैशांत बसतील असे छोटे प्रयोग करून, पुस्तकात लिहिलेले खरे आहे का, हे ते पडताळून पाहत.

आपली स्मरणशक्ती दुबळी आहे, ही फॅरेडे यांची आयुष्यभराची तक्रार होती. त्यांनी ती निमित्त म्हणून पुढे केली नाही. आयझॅक वॉट्स यांच्या मनाच्या सुधारणेवरील ग्रंथातून त्यांनी टिपणे ठेवण्याची, व्याख्याने ऐकण्याची आणि मित्राशी पत्रव्यवहार करून विचार स्पष्ट करण्याची सवय उचलली. १८१२ मध्ये त्यांना सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. ऐकताना त्यांनी त्रोटक टिपणे घेतली, घरी ती विस्ताराने लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि सुमारे तीनशे पानांचे पुस्तक स्वतःच्या हातांनी बांधून डेव्ही यांच्याकडे पाठविले. १८१३ च्या मार्च महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना साहाय्यकाची नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आजची विद्युतजनित्रे त्याच तत्त्वावर चालतात.

फॅरेडे यांना एकाच प्रकारात बसविता येत नाही. ते वाचत, ऐकत, लिहीत, आकृती काढीत आणि हाताने करून पाहत. उच्च गणित त्यांना अखेरपर्यंत आले नाही. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिले. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे फॅरेडे जाणून होते. हे ज्ञान त्यांना प्रश्नावलीतून मिळाले नव्हते, वर्षानुवर्षे स्वतःला पारखून मिळाले होते.

ही पारख करताना एक फसगत संभवते. जी रीत सोपी वाटते तीच चांगली, असे मनाला वाटते. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा अभ्यासला. दुसरा उतारा त्यांनी एकदा अभ्यासून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्याने मात्र चित्र पालटले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के. कापडाचा रंग पक्का आहे की नाही, हे दुकानातील झगमगत्या दिव्यांखाली कळत नाही. ते पहिल्या धुण्यात कळते. पुस्तक उघडे असताना सर्वच येते असे वाटते. पुस्तक मिटणे हेच अभ्यासाचे पहिले धुणे होय.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतःवरच एक साधा प्रयोग करावा. एकाच विषयाचे, सारख्याच लांबीचे व काठिण्याचे दोन धडे निवडावेत. एक नेहमीच्या रीतीने अभ्यासावा, दुसरा नव्या रीतीने. वेळ दोन्हींना समान द्यावा. आठव्या दिवशी पुस्तक न पाहता दोन्ही धड्यांवरील प्रश्नांची उत्तरे लिहावीत, तपासावीत आणि गुण वहीत नोंदवावेत. एका वेळच्या निकालावर विसंबू नये. धडे बदलून असे तीन-चार वेळा करावे. पहाटेचा अभ्यास लाभतो की रात्रीचा, एकट्याने की सोबतीने, हेही याच रीतीने ठरवावे. विषयाचा स्वभावही ओळखावा. नकाशा डोळ्यांनी पाहून हाताने काढावाच लागतो, कविता मोठ्याने म्हणावी लागते आणि गणित सोडविल्यावाचून येत नाही. तिथे विद्यार्थ्याच्या आवडीने विषयापुढे नमते घ्यावे. वहीतील नोंद पालकांनी पाहावी. परंतु शेजारच्या मुलाच्या वहीशी तिची तुलना करू नये.

या सभागृहातील ज्येष्ठांना ही रीत सर्वस्वी नवी वाटणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, शुद्ध उच्चारांनी पुनःपुन्हा म्हणावे आणि दुसऱ्यास समजावून सांगावे, असा हा क्रम आहे. तेथे हेतू आत्मकल्याणाचा आहे, हे खरे. तथापि केवळ वाचनावर न थांबण्याची शिस्त शाळेच्या अभ्यासासही तितकीच उपयोगी पडते. पुष्कळ विद्यार्थी पहिल्या पायरीवरच थांबतात आणि उरलेल्या चार पायऱ्या न चढताच आपल्या बुद्धीला दोष देतात.

तेव्हा पालकहो, पुढच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हाती घेण्यापूर्वी मुलाला एवढेच विचारावे, "अभ्यास कसा केलास?" 'किती केलास' हा प्रश्न नंतर विचारला तरी चालेल. आणि विद्यार्थी मित्रहो, कमी गुण मिळाले तर 'मला डोके नाही' असा निवाडा स्वतःवर देण्याची घाई करू नये. आधी रीत बदलून पाहावी, पुस्तक मिटून पारखावी आणि वहीत नोंद करावी. महिनाभरात त्या वहीची जी चार पाने भरतील, ती कोणत्याही शिक्क्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतील.